एका नांवाच्या दोन वाळव्या



श्रावण शुद्ध पंचमीला आपल्याकडील शेतकरी नांगर धरीत नाहीं, कुदळ मारीत नाहीं. घरांतील बाई विळीवर भाजी चिरीत नाहीं. त्या दिवशीं बायका गाणीं म्हणत वारुळाकडे जातात, त्याला हळदकुंकू वाहतात, दूध-लाह्या ठेवतात. पूजा नागाची असते. पण ज्या घरापुढें ती मांडलेली असते तें घर नागानें बांधलेलें नसतें. बांधणारी वाळवी त्या पूजेंत कोठेंच नसते. उलट वर्षाचे बाकीचे दिवस तिच्या नांवानें बोटें मोडलीं जातात. गव्हाची ओंबी दाणा न भरतां पांढरी पडली, भुईमुगाचें झाड उभ्या उभ्या वाळलें, लावलेलें उसाचें बेणें उगवलेंच नाहीं, कीं शेतकरी बांधावरच्या वारुळाकडे बोट दाखवितो आणि दुसऱ्या दिवशीं कुदळ घेऊन तें फोडतो. हें बोट योग्य ठिकाणीं वळतें काय, एवढाच प्रश्न मीं आज बोलण्यासाठीं घेतला आहे. आणि तो सोडविण्यासाठीं थोडें मागें, इतिहासांत, जावें लागणार आहे.

वाळवी हा शब्द एक असला तरी प्राणी एक नव्हे. भारतांत वाळवीच्या अडीचशेंहून अधिक जाती शास्त्रज्ञांनीं नोंदल्या आहेत. त्यांपैकीं बहुतेकांशीं शेतकऱ्याचें वांकडें असण्याचें कारण नाहीं. पडलेला पाचोळा, सुकलेलें गवत, कुजकें लाकूड यांवर त्या जगतात आणि रानाची झाडलोट करतात. पिकांच्या नुकसानीच्या अहवालांत मात्र दोन नांवें जोडीनें पुनःपुन्हां येतात. एक ओडोंटोटर्मिस ओबेसस आणि दुसरें मायक्रोटर्मिस ओबेसी. नांवें कानाला जड आहेत, म्हणून आजच्यापुरतें मी पहिलीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हणेन. थोरलीच्या नांवाचा अर्थ दांतवाली लठ्ठ वाळवी. तिच्या शिपायाच्या डाव्या जबड्यावर एक ठळक दांत असतो, त्यावरून हें नांव पडलें. धाकटीच्या नांवाचा पूर्वार्ध 'लहान वाळवी' असा आहे आणि उत्तरार्ध षष्ठी विभक्तींत आहे. ओबेसी म्हणजे ओबेससची. एकीच्या नांवांत दुसरी अशी कां शिरली, तें ओघानें येईलच.

थोरली वारूळ बांधते. पुरुषभर उंचीचें, बाहेरून उभ्या पन्हळी व कमरी असलेलें, एखाद्या जुन्या बुरुजासारखें. धाकटी जमिनीवर कांहींच बांधीत नाहीं. तिचा सारा संसार भुईखालीं विखुरलेला असतो. सुपारीएवढ्या, फार तर लिंबाएवढ्या पोकळ्या, आणि त्यांना जोडणारीं सुतासारखीं बारीक भुयारें, असें जाळें शेताखालीं हातभर, दोन हात, कधीं त्याहूनही खोल पसरलेलें असतें. वरून चालणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाहीं. या एका भेदानें पुढचा सगळा इतिहास घडविला आहे. माणसानें थोरलीला फार पूर्वीं पाहिलें. धाकटीला फार उशिरा.

आपले प्राचीन ग्रंथ पहा. वेदवाङ्मयांत वम्री व उपदीका अशीं नांवें येतात. शतपथ ब्राह्मणांतील कथा प्रसिद्ध आहे. ताणलेल्या धनुष्याच्या टोंकावर हनुवटी टेकून विष्णु उभा असतां वम्रींनीं धनुष्याची दोरी कुरतडली, धनुष्य उसळलें आणि विष्णूचें मस्तक उडालें. या कामाबद्दल वम्रींनीं देवांकडून जें वेतन ठरवून घेतलें तें मोठें मार्मिक आहे. त्यांना अन्न मिळावें आणि वाळवंटांतही पाणी सांपडावें. रुक्ष रानांत, कडक उन्हांतही फोडलेलें वारूळ आंतून ओलें असतें, हें ज्यानें स्वतः पाहिलें असेल त्यालाच असें वेतन सुचणार. पुढें सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूमिगत पाण्याच्या खुणा सांगतांना झाडांच्या जोडीला वारुळालाही स्थान दिलें. निरीक्षण उत्तम, पण वल्मीक म्हणजे वारूळ, आणि वारूळ म्हणजे थोरलीचें किंवा तिच्या सख्ख्या जातींचें. वारूळ न बांधणारी वाळवी या साऱ्या परंपरेंत कोठें वेगळी दाखविलेली मला आढळली नाहीं. यांत पूर्वजांना दोष देण्यासारखें कांहीं नाहीं. डोळ्यांना जें दिसलें तें त्यांनीं लिहिलें.

अर्वाचीन शास्त्राची सुरुवातही वारुळापासूनच झाली, आणि ती आपल्याच देशांत झाली ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तंजावरला भोसल्यांचें राज्य असतांना समुद्रकांठीं तरंगंबाडी येथें डेन्मार्कची वसाहत होती. १७६८ सालीं तेथें योहान गेरहार्ड क्यूनिग नांवाचा वैद्य आला. हा लिनीअस या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाचा शिष्य. पुढें तो अर्काटच्या नबाबाच्या आणि त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत राहिला व १७८५ सालीं याच देशांत वारला. त्यानें तंजावर प्रांतांतील वारुळें खणून पाहिलीं आणि १७७९ मध्यें बर्लिनच्या निसर्गप्रेमी मंडळींच्या ग्रंथमालेंत वाळवीवर जर्मन भाषेंत निबंध छापला. वारुळाच्या पोटांत सुरकुतलेल्या, स्पंजासारख्या सच्छिद्र पोळ्या असतात आणि त्यांवर पांढरे कण उगवलेले असतात, ही नोंद करणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत त्याची गणना होते. दोनच वर्षांनीं, १७८१ सालीं, हेन्री स्मीथमन या इंग्रजानें आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वाळवीचें वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. त्यालाही तेच टांचणीच्या टोपणाएवढे पांढरे कण दिसले. प्रथम तीं वाळवीचीं अंडींच असावींत असें त्याला वाटलें. सूक्ष्मदर्शकाखालीं घातल्यावर तीं अळंबीच्या जातीचीं निघालीं. आपली चूक त्यानें तशीच लिहून ठेवली आहे. मला हा स्मीथमन त्यामुळेंच आवडतो.

या पांढऱ्या कणांचा उलगडा होण्यास पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. लंकेंत पेरादेनिया येथें टॉमस पेच यांनीं १९०६ मध्यें वारुळांतील बुरशीवर विस्तृत लेख लिहिला. फ्रान्सचे रोजे हाइम यांनीं १९४२ मध्यें या अळंबींचें टर्मिटोमायसिस नांवाचें स्वतंत्र गोत्र पाडलें. आतां व्यवस्था अशी समजली आहे. लांकूड, काडी, पेंढा हें वाळवीला नीटसें पचत नाहीं. कामकरी वाळवी तें चावून गिळते, पोटांतून भराभर पुढें काढते, आणि त्या शेणाच्या पोळ्या रचते. गिळतांना अळंबीचे बीजकणही तिच्या पोटांतून गेलेले असतात. पोळीवर बुरशी वाढते, लांकडांतील कठीण भाग फोडून मऊ करते, आणि मग वाळवी ते पांढरे कण व जुनी पोळी खाते. म्हणजे शेत, खत, बीं आणि पीक सारें घरांतच. २००२ मध्यें डूर आनन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या वाळव्यांची व अळंबींची वंशावळ जोडून दाखविली, तींत असें निघालें कीं हा शेतीचा शोध वाळवीच्या एकाच पूर्वजकुळानें, आफ्रिकेंत, एकदांच लावला. टांझानियांत सांपडलेल्या अशा शेताच्या अश्मावशेषाचें वय अडीच कोटी वर्षें भरतें. आपल्या नांगराला अवघीं कांहीं हजार वर्षें झालीं आहेत, हें लक्षांत ठेवलेलें बरें.

थोरली आणि धाकटी दोघीही या शेतकरी कुळांतल्याच. पण बीं मिळविण्याच्या दोघींच्या रीती अगदीं निराळ्या. पावसाळ्याच्या तोंडीं पंखवाले नरमादी वारुळांतून उडतात, पंख गाळून जोडीनें जमिनींत शिरतात आणि नवें घर मांडतात, हें आपण दिव्याभोंवतीं दरवर्षीं पाहतों. थोरलीची जोडी रिकाम्या हातानें जाते. पहिलीं पोरें मोठीं होऊन बाहेर हिंडूं लागलीं म्हणजे तीं शेजारच्या वारुळांवर उगवलेल्या अळंबींचे बीजकण आणतात आणि मग पोळी लागते. वारुळांच्या आसपास, माळावर आणि रानांत, पावसाळ्यांत जीं मातीखालपर्यंत लांब देंठाचीं अळंबीं फुटतात तीं याच शेतांतलीं. गोव्यांत व कोंकणांत लोक तीं आवडीनें खातात आणि त्यांचा भावही चांगला चढतो. धाकटीच्या गोत्रांतील ज्या जाती तपासल्या गेल्या त्यांत मात्र राणी होणारी मादी निघतांनाच पोटांत घरच्या बुरशीचे बीजकण घेऊन निघते. विरजण शेजारणीकडून मागून आणणारी एक, आणि माहेराहून बरोबर घेऊन येणारी दुसरी, असें म्हटलें तर चालेल. धाकटीला वर अळंबी उगवण्याची वाट पाहावी लागत नाहीं. ती जशी वारुळानें दिसत नाहीं, तशी अळंबीनेंही सहसा आपला ठाव सांगत नाहीं.

मग थोरलीला एवढें मोठें बांधकाम तरी कशाला लागतें? हार्वर्ड विद्यापीठाचे महादेवन व त्यांचे सहकारी यांनीं बंगळूरकडील थोरलीच्या वारुळांत हवामापक यंत्रें बसवून २०१५ मध्यें उत्तर दिलें. बाहेरच्या पातळ पन्हळी दिवसा लवकर तापतात, मधला गाभा थंड राहतो. म्हणून हवा कडेनें वर चढते आणि मधून खालीं उतरते. रात्रीं कडा निवतात आणि प्रवाह उलटा फिरतो. अशा रीतीनें वारूळ दिवसाकांठीं एक श्वास घेतें आणि लक्षावधि वाळव्यांचा व बुरशीचा कोंडलेला वायु बाहेर जातो. धाकटीनें आपलें शेत शंभर ठिकाणीं वांटून टाकलें असल्यामुळें तिला या चिमणीची गरज पडत नसावी, असें माझें अनुमान आहे.

आतां नामकरणाची कथा थोडक्यांत. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ रांबूर यानें १८४२ मध्यें थोरलीला ओबेसस हें नांव दिलें. त्या काळीं वाळवीला चतुर वगैरे जाळीदार पंखांच्या कीटकांत बसवीत. आज ती झुरळाच्या वंशांतील ठरली आहे, मुंगीशीं तिचें कांहीं नातें नाहीं. धाकटीला स्वतःचें नांव मिळण्यास मात्र १९१० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. स्वीडनचे नील्स होल्मग्रेन यांनीं तें दिलें. सत्तर वर्षांचें हें अंतर मला फार बोलकें वाटतें. या मधल्या काळांत सरकारी कागदांत, शेतकी पत्रकांत, प्रवासवर्णनांत जेथें जेथें 'पांढऱ्या मुंगीनें पीक खाल्लें' असें लिहिलेलें आढळतें, तेथें कोणत्या वाळवीनें, हें आपल्याला आज कळण्याचा मार्ग नाहीं.

आणि पीक खाण्याच्या दोघींच्या तऱ्हा तर अगदीं वेगळ्या. थोरली बहुधा बाहेरून येते. खोडावर, देंठावर ओल्या मातीचें पातळ लिंपण चढविते आणि त्या पडद्याआड साल खाते. कोंवळें रोप असेल तर जमिनीलगत कातरून टाकते. लिंपण दिसतें, म्हणून चोरी लवकर उघडकीस येते. धाकटी खालून येते. मुळाला बारीक छिद्र पाडून आंत शिरते, सोटमूळ पोखरते आणि पोखरलेल्या जागीं माती भरीत वर सरकते. झाड बाहेरून कांहीं दिवस साबूत दिसतें. मग एकाएकीं माना टाकतें, आणि धरून ओढलें तर अलगद हातांत येतें. भुईमुगाच्या शेंगेचें टरफल वाळवीनें खरवडलें किंवा भोंकलें म्हणजे त्या वाटेनें पिवळी बुरशी आंत शिरते आणि दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार होतें. हें नुकसान तर तराजूंतही दिसत नाहीं. उसाच्या बेण्यावर दोघीही तुटून पडतात. कापलेल्या टोंकांतून आंत जातात आणि डोळे फुटण्यापूर्वींच कांडें पोकळ करतात. निसर्गांत रेघ इतकी सरळ नसते, आणि एकाच शेतांत दोघी नांदतांना आढळतात, हेंही सांगितलें पाहिजे.

येथें एक जुनें सूत्र सुटतें. बुरशी पिकविणाऱ्या वाळव्या आफ्रिका व आशिया या जुन्या खंडांतच आहेत. अमेरिकेंत त्या मुळींच नाहींत. ज्वारी आणि बाजरी आफ्रिकेंत, या वाळव्यांच्या शेजारांत वाढलेलीं धान्यें. भुईमूग आणि मका अमेरिकेंतून कोलंबसानंतर आलेले. या पाहुण्यांची वाळवीशीं पूर्वींची ओळखच नव्हती. आफ्रिकेंतील पाहणींत देशी धान्यांपेक्षां या परक्या पिकांची हानि अधिक होते असें दिसून आलें आहे. आपल्याकडेही भुईमुगाचा पेरा वाढला त्याबरोबर वाळवीची ओरड वाढली असेल तर नवल नाहीं.

उपायांचा इतिहास याहून उद्बोधक आहे. पाटाच्या तोंडाशीं हिंगाची पुरचुंडी बांधणें, सरींत एरंडीची किंवा करंजाची पेंड घालणें, या जुन्या रीती. त्यांचा गुण कमीअधिक येत असेल, पण त्यांचा रोख जमिनीवर होता, वारुळावर नव्हता, एवढें खरें. 'राणी खणून मारा' हा दुसरा जुना सल्ला. थोरलीच्या बाबतींत त्यांत अर्थ आहे, कारण तिची राणी वारुळाच्या पोटांत एका जाड भिंतीच्या कोठडींत असते. ती बोटाएवढी फुगलेली असून रोज हजारों अंडीं घालते. तरी तेथेंही सगळें सोपें नाहीं. एकाच वारुळांत एकीहून अधिक राण्या मिळाल्याच्या नोंदी आहेत. धाकटीच्या बाबतींत हा सल्ला निव्वळ निरुपयोगी. कोणत्या वाफ्याखालीं, किती हातांवर, ती कोठडी शोधावयाची?

दुसऱ्या महायुद्धानंतर आल्ड्रिन, डिल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर हीं विषारी औषधें आलीं. मातींत एकदां मिसळलीं कीं वर्षानुवर्षें टिकत, म्हणून दोन्ही वाळव्यांवर तीं सारखींच चालत, आणि कोण कोणती हें ओळखण्याची गरजच उरली नाहीं. परंतु ज्या टिकाऊपणासाठीं तीं घेतलीं त्यांतच त्यांचा दोष होता. तीं धान्यांत, दुधांत, माणसाच्या चरबींत उतरलीं. २००१ मध्यें स्टॉकहोम येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानें या चारही औषधांवर बंदीची मोहोर उठविली आणि २००४ पासून तो करार अंमलांत आला. विषानें पन्नास वर्षें झांकून ठेवलेला प्रश्न पुन्हां उघडा पडला तो असा. औषध आतां मोजून, ठराविक जागीं, बियाण्याला किंवा बेण्याला चोळून द्यावयाचें; आणि मोजून द्यावयाचें तर शत्रू कोणता हें ठाऊक असावें लागतें.

या बाबतींत नायजेरियांत मोक्वा येथें १९७० नंतरच्या दशकांत वुड, जॉन्सन वगैरे शास्त्रज्ञांनीं केलेलें काम मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. त्यांनीं जंगल तोडून नवीन लागवडीखालीं आणलेली जमीन वर्षानुवर्षें खणून मोजली. नांगरामुळें व तोडीमुळें वारूळ बांधणाऱ्या वाळव्या कमी होत गेल्या. धाकटीच्या गोत्रांतील वाळव्या मात्र वाढल्या. त्यांचीं घरें नांगराच्या फाळाखालीं सुरक्षित राहिलीं, शेतांतल्या धसकटांचें व मुळांचें अन्न मिळालें, आणि स्पर्धा करणाऱ्या वारूळवाल्या निघून गेल्या. म्हणजे शेतकरी जसजसा वारुळें मोडून शेत साफ करतो, तसतसा तो अजाणतां धाकटीसाठीं जागा मोकळी करून देत असतो. हें आफ्रिकेंतील निरीक्षण आहे. आपल्या प्रत्येक मातीला तें जसेंच्या तसें लागू पडेल असें मी म्हणत नाहीं. पण ज्या तालुक्यांत वारूळ औषधालाही उरलेलें नाहीं तेथें गव्हाची पांढरी ओंबी कां थांबली नाहीं, याचा विचार करतांना तें डोळ्यांपुढें ठेवावयास हरकत नाहीं.

ओळखण्याचें काम मात्र अवघड नाहीं. वाळलेलें झाड उपटावें आणि मूळ उभें चिरावें. माती सालीवर आहे कीं गाभ्यांत, तें पाहावें. मग चार शिपाई कागदावर घेऊन साध्या भिंगाखालीं धरावे. जबड्यावर दांत दिसला तर थोरली. शिपाई फारच लहान, डोकें नाजूक, जबडे सुईसारखे बारीक आणि दांत नजरेस येत नसेल तर बहुधा धाकटी.

आतां नांवांतल्या त्या षष्ठीची गोष्ट राहिली. थोरलीचें वारूळ जपून, थर थर काढून फोडलें, तर कधीं कधीं तिच्या मोठ्या पोळ्यांच्या कोठारांमधल्या भिंतींत सुपारीएवढ्या दुसऱ्याच पोकळ्या लागतात. त्यांत बोटाच्या पेराएवढी स्वतंत्र पोळी आणि इवल्याशा निराळ्या वाळव्या असतात. ही धाकटी, थोरलीच्या घराच्या भिंतींत आपलें वेगळें बिऱ्हाड करून राहिलेली. दोघींचीं भुयारें एकमेकांना मिळत नाहींत. बांधावरचें वारूळ फोडणाऱ्या शेतकऱ्याच्या कुदळीखालून हीं बिऱ्हाडें मातीच्या ढेकळांबरोबर उडतात आणि कोणाच्या लक्षांतही येत नाहींत. तिचीं बाकीचीं भुयारें त्याच्या पायांखालीं, तो उभा असतो त्या सरींतून, पुढें गव्हापर्यंत गेलेलीं असतात.